शून्याचं टोक

कुमुदताईंच्या टेपचं शून्याचं टोक कित्येक वर्षं माझ्या हातात होतं. चामड्याच्या गोल डबीतून उलगडत जाणारं, आकडे वाचायचं टोक त्यांच्या हातात. "वहिनी, शून्य?" त्या विचारायच्या. "शून्य," मी म्हणायची. मग त्या आकडा वाचायच्या आणि कागदावर लिहायच्या. जुन्या पनवेलातली किती घरं आम्ही अशी मोजली, ते मला सांगता यायचं नाही. मोजायचं काम त्यांचं, माझं धरायचं.

जाड भिंतीपलीकडून आवाज पोचत नसे, त्यातून बाहेर ट्रकची घरघर. तेव्हा मी तोंडाने न बोलता टेपला दोन हिसके द्यायची. दोन हिसके म्हणजे टोक जागेवर आहे, वाचा. ही खूण आम्हीच ठरवलेली, आमच्या दोघींपुरती.

आता कुमुदताई नाहीत. टेप माझ्याकडे, कपाटाच्या वरच्या खणात आहे. तिच्या टोकाची पितळी कडी मी एकदा चिंच लावून घासली, लख्ख झाली. एका ठिकाणचा राखाडी डाग मात्र गेला नाही. तो कुठला ते सांगायचं तर आधी कुमुदताई सांगायला हव्यात.

लाइन आळीत त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, एकट्या. वडील बैलगाडीची चाकं बनवायचे. पनवेलच्या चाकांना एके काळी घाटावरून मागणी असे. ती मागणी संपली तशी वडिलांनी या मुलीला आयटीआयला घातली, ड्राफ्ट्समनच्या वर्गात. अख्ख्या वर्गात मुलगी एकटीच. पुढे गावातल्याच एका आर्किटेक्टकडे त्यांनी नकाशे काढण्यात जन्म घालवला. नगरपालिकेत द्यायच्या नकाशात नवं बांधकाम लाल रंगात दाखवतात आणि पाडायचं ते पिवळ्या. पिवळ्या रंगाचं काम कुमुदताईंकडे.

"अख्खी नोकरी मी घरांना हळद लावली, वहिनी," त्या म्हणायच्या, "आणि पाठवून दिली."

एकदा पिवळा करायला आलेला चौकोन त्यांना ओळखीचा वाटला. लहानपणी ज्या घरी त्या शिकवणीला जात, ते घर. कागदावर नुसता चौकोन. ओटा नाही, कोनाडे नाहीत, काही नाही. त्यांनी तो रंगवला. घर पडलं. आणि पंधरवड्याने भाजी निवडताना त्यांना आठवेना, त्या घरातला जिना डावीकडे वळायचा की उजवीकडे. गावात चार जणांना विचारलं. दोघे म्हणाले डावीकडे, दोघे म्हणाले उजवीकडे.

"माझ्या अंगावर काटा आला हो," त्या मला म्हणाल्या. "त्या जिन्यावरून मी चार वर्षं चढले. मग मी चढले तरी कुठे?"

त्या रविवारी त्या टेप घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. टोक धरायला कोणीतरी हवं होतं, आणि माझी मुलं तेव्हा क्रिकेट खेळायला गेलेली असायची. दोन हजार चारची गोष्ट. पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मुलं शाळेत असतानाच्या वेळात आम्ही जाऊ लागलो.

कोणाच्या घराची फाइल आली हे त्यांना जुन्या ऑफिसातून कळायचं, आणि त्या आधी तिथे धावायच्या. घर आज ना उद्या पडणारच असे. पण गावाने पाहिलं ते इतकंच की आधी कुमुद येते, मग जेसीबी येतो. झालं! वाण्याच्या दुकानात बायका हसत हसत म्हणायला लागल्या, "कुमुद, आमच्या दारावरून जाताना टेप पिशवीत घाल गं बाई." हसत म्हणायच्या, पण दार लोटून घ्यायच्या. मिरची गल्लीत एकीने आम्ही गेल्यावर ओट्यावरून मीठ ओवाळून टाकलं. आम्ही वळून पाहिलं तर ती आमच्याकडेच बघत होती.

मला स्वतःला तसलं काही वाटायचं नाही. फक्त एक. रिकाम्या घरात कधी कधी टेप मधेच जड व्हायची. कुठे अडकली म्हणून मी वाकून बघायची, तर खाली फरशी मोकळी. "कापडी टेप आहे," कुमुदताई म्हणायच्या, "ओल धरते." मीही तेच म्हणायची.

जनी कोळीण माझ्याकडे मासे घेऊन यायची. तिचं घर कोळीवाड्यात, ठेंगणं, कौलारू. मुलांना तिथे स्लॅबचं घर बांधायचं होतं. अडचण एकच. जनीचा नवरा काळूराम याची नजर मोतीबिंदूत गेलेली. तो घरभर काठीशिवाय फिरायचा, पायांच्या सवयीवर. नवं घर झालं की तो आंधळा होणार, असं जनीचं म्हणणं. तेव्हा मी तिला म्हटलं, कुमुदताईंकडून माप घे, नवं घर आत तसंच्या तसं बांधा.

आम्ही मोजलं. चूल, रांजणाची जागा, मागचं दार, सगळं. शेवटी मागच्या दाराच्या उंबरठ्याची उंची घ्यायला कुमुदताई वाकल्या, तर जनीने त्यावर पाय ठेवला.

"ह्यो नको, बाय."

"का गं?"

"मेल्या मानसाचा पुरता माप घेतान. जित्याचा नाय. कायतरी एक ऱ्हाव दे."

कुमुदताईंनी तिच्या पायाकडे पाहिलं. मग हसल्या आणि कागदावर उंबरठ्याच्या जागी आडवी रेघ मारली. मला तेव्हाच दिसलं की त्यांना हे पटलं नव्हतं, आवडलं होतं. त्या दिवसापासून प्रत्येक घरात त्या एक माप सोडायला लागल्या. दारातच सांगायच्या, "एक सोडते हं!" भाजीवाली वरून चार मिरच्या टाकते तशा सुरात. आणि दारं खरंच उघडू लागली.

जनीचं नवं घर उभं राहिलं. काळूराम आत शिरला तेव्हा आम्ही दोघी हजर होतो. तो दारातून सरळ चुलीकडे गेला, तिथून वळून रांजणाशी, हात घातला तर हातात बरोबर तांब्या. मुलगे डोळे पुसत होते. तो हसत मागच्या दाराकडे निघाला. गवंड्याने उंबरठा अंदाजाने घातला होता. काळूरामने जुन्या सवयीने पाय उचलला, पुढे टाकला, आणि खाली काही नसल्यासारखा तोल जाऊन पडला. गुडघा फुटला.

त्यानंतर तो खाटेवरून उठेना. उठलाच तर दारापर्यंत यायचा, एक पाय उचलायचा आणि तसाच उभा राहायचा. पाय खाली आणायचा नाही. जनीने विचारलं तर म्हणाला, "ह्या घरान कोन ऱ्हातंय?"

"आपूनच की."

"नाय. आपला घर त्या उंबऱ्याशी संपत व्हता. ह्यो पुढंच जातंय."

एकदा त्याला बघून परत येताना वडाळे तलावाच्या काठाशी कुमुदताई थांबल्या. "सोडलेलं माप घराला वाचवायला नव्हतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "मला वाचवायला होतं."

त्याच सुमारास हलीमाखालाचा निरोप आला. आजवर आम्ही लोकांची दारं ठोठावली होती. कोणी आपणहून बोलावण्याची ही पहिलीच वेळ. बंदर रोडच्या बाजूला, मशिदीच्या भिंतीला लागून तिचं घर. सासरची माणसं एके काळी गलबतांवर भात भरून मुंबईला पाठवणारी. आता त्या घरात ती एकटी. मालकी पुतण्याची, रय्यानची. तो आखातात एका बंदरावर कामाला. त्याने बिल्डरशी करार केला होता, आणि हलीमाखालाला नवीन पनवेलमध्ये चौथ्या मजल्यावर फ्लॅट मिळणार होता.

"घर वाचव असं मी म्हणत नाही, कुमुद," चहा देता देता ती म्हणाली. "ते अल्लाच्या मर्जीने जायचं तर जाईल. माझा जीव अडकलाय तो पलीकडच्या खोलीतल्या त्यांच्यात. घर पडलं की त्यांनी जायचं कुठे?"

"कोणी?" कुमुदताईंनी विचारलं.

"थोरल्यांनी."

घरात तर दुसरं माणूस नव्हतं. पलीकडची खोली म्हणजे पश्चिमेची. तिची खिडकी कधीची खिळे ठोकून बंद, भर दुपारी काळोख. हलीमाखाला लग्न होऊन आली तेव्हा तिला त्या खोलीत ओले दोर ताणल्यासारखी करकर ऐकू आली. तिला वाटलं तुळई वाजते. मग तिच्या ध्यानात आलं की ती करकर फक्त भरतीला होते. खाडी तर गाळ भरून केव्हाच लांब सरकलेली. पाणी घरापासून दिसायचंही नाही.

"भूत म्हणू नकोस," ती म्हणाली. "भूत माणसाला धरतं. यांनी मला कधी बोट लावलं नाही. दर गुरुवारी, जुम्मेरातीला, मी लोबान फिरवते, तेवढाच आमचा व्यवहार. माझी सासू सांगायची, गलबत लागताना दोर फेकला की झेलायला माणूस उभा असतो. हे ते आहेत. दोर यायची वाट बघत उभे आहेत. आता वरून काँक्रीट ओततील, आणि हे हात पुढे करून तसेच खाली."

मी चहाचा घोट घेतला. तो गार झाला होता.

"म्हणून म्हणते, सगळं मापून घे. काही सोडू नकोस. सोडशील ते इथेच राहील."

कुमुदताई म्हणाल्या, "खाला, लोक म्हणतात पुरतं माप मेलेल्याचं घेतात."

"मय्यतीच्या कफनाचं घेतात, खरं आहे. आणि बाळाच्या पहिल्या कुर्त्याचं नाही घेत? अगं, शिवायचं काय आहे त्यावर असतं ते."

कुमुदताई उठल्या. मला वाटलं घरी चाललो. त्या सरळ कोळीवाड्यात गेल्या. काळूरामला हाताला धरून मागच्या दाराशी आणलं आणि म्हणाल्या, "दादा, जुन्या घरात उचलत होता तसा पाय उचला. घाई नाही."

त्याने पाय उचलला. कुमुदताईंनी मला खूण केली. मी कडी जमिनीला टेकवून धरली, त्यांनी टेप त्याच्या टाचेपर्यंत नेली. म्हातारा एका पायावर उभा, कशाला धरलेलं नाही, तरी तो पाय जरासुद्धा थरथरत नव्हता. पाय हवेत होता, पण टेकलेला दिसत होता. जनी तोंडाला पदर लावून बघत होती. कुमुदताईंनी आकडा वाचला आणि जुन्या कागदावरची आडवी रेघ खोडून तिथे लिहिला. मुलांनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून उंबरठा तेवढा उंच केला. काळूराम आला, पाय उचलला, टेकवला, पलीकडे गेला. "आलू घरी," म्हणाला.

मग आम्ही हलीमाखालाचं घर मोजायला घेतलं. पश्चिमेची खोली तिने शेवटी ठेवायला सांगितली, आणि दिवसही तिनेच सांगितला. ऐन दुपारी भरती असलेला.

कुमुदताईंची एक पद्धत होती. खोलीच्या चारही भिंती घेतल्या तरी त्या कर्ण घ्यायच्याच, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरका. भिंती खोटं बोलतात, कर्ण बोलत नाही, असं म्हणायच्या. त्या दुपारी भिंती घेऊन झाल्या होत्या, कर्ण तेवढा राहिला होता. मी आतल्या कोपऱ्यात उकिडवी बसले होते, कडी भिंतीच्या बेचक्यात दाबून. दारातून कुमुदताईंना मी दिसत नव्हते इतका तिथे काळोख. ओल्या चुन्याचा वास, आणि त्याखाली आणखी एक वास, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा. करकर मात्र मी तरी ऐकली नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हलीमाखालाची हाक आली, "अगं बेटी, दूध उतू चाललं, माझे गुडघे धावायचे नाहीत!" खोलीला मागून एक छोटं दार होतं. मी कडी खाली ठेवली आणि त्या दाराने धावले. "ताई, आलेच," असं म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

दूध उतरवलं, चहा गाळला. कप घेऊन पुढच्या बाजूने येत होते तर कुमुदताईंचा आवाज ऐकू आला, "वहिनी, शून्य?" मी उत्तर द्यायच्या आत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बरं," आणि मोठ्याने आकडा वाचला. "तेवीस फूट."

मी त्यांच्या मागे येऊन उभी राहिले. "कोणाशी बोलताय?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या कपांकडे. मग टेपकडे.

टेप त्यांच्या हातातून निघून कमरेच्या उंचीवरून सरळ काळोखात गेली होती, गवंड्याच्या ताणलेल्या सुतासारखी ताठ. मधे झोळ नाही.

"दोन हिसके दिलेत ना तुम्ही?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

मी नाही म्हणून मान हलवली. 

किती वेळ गेला कोण जाणे. मग टेप सैल झाली. सुटली नाही. निजलेलं मूल पाळण्यात ठेवावं तशी हळूहळू खाली येत जमिनीवर टेकली. कुमुदताईंनी डबीची मूठ फिरवायला घेतली. टेप सरपटत आमच्याकडे येत राहिली, आणि शेवटी काळोखातून कडी बाहेर आली. ती ओली होती. तिला राखाडी गाळ लागला होता.

हलीमाखाला आमच्या मागे येऊन उभी होती. तिने वाकून कडी ओढणीच्या शेवाने पुसली आणि एवढंच म्हणाली, "पकडला."

मी घरी पळाले असते. पण कुमुदताई म्हणाल्या, "वहिनी, एकदाच. मी बरोबर येते." मोबाइलच्या उजेडात आम्ही आत गेलो, मी कडी बेचक्यात धरली, त्यांनी दारातून वाचलं. सतरा फूट. खोली तेवढीच होती. तेवीस फुटांवर म्हणजे भिंतीच्या आत, भिंतीच्याही पलीकडे, जमिनीत.

कागदावर त्यांनी सतरा लिहिले. मग कर्णाची रेघ भिंतीतून तशीच पुढे नेली, तुटक तुटक, आणि टोकाशी तेवीस लिहिले.

"हे कशाला?" मी म्हटलं.

"वाचलेला आकडा मी खोडत नाही."

नंतर काही दिवस मी त्यांच्याबरोबर गेले नाही. त्यांनीही विचारलं नाही. रोज संध्याकाळी खाली येऊन वाटीभर काहीतरी देऊन जायच्या.

दोन हजार अकराच्या हिवाळ्यात घर पडलं. रय्यान सुट्टी घेऊन आला होता. हलीमाखालाला भाचीने, रुमानाने, आदल्या दिवशीच नव्या फ्लॅटमध्ये नेलं. जाताना ती कुमुदताईंचा हात धरून म्हणाली, "ते तिथून निघाले का नाही, मला कळव." जणू कुमुदताई रिक्षाने सामान पाठवणार होत्या.

पायाचे खड्डे खणायला लागले तसं पश्चिमेच्या बाजूला जेसीबीचा दात दगडावर आपटला. कुमुदताई नकाशाची गुंडाळी घेऊन पोचल्या, मी मागोमाग.

"मॅडम, घर तर गेलं, आता काय मोजता?" सुपरवायझर म्हणाला. "हवा?"

"हो," कुमुदताई म्हणाल्या. "जरा बाजूला होता का? हवेत उभे आहात."

घर मोजताना त्यांनी त्याचा प्रत्येक कोपरा मशिदीच्या भिंतीशी आणि समोरच्या विहिरीशी बांधून ठेवला होता, म्हणजे या दोन्हींपासून किती लांब ते लिहिलं होतं. घर जाईल, त्या म्हणायच्या, पण मशीद आणि विहीर इतक्यात जायच्या नाहीत. त्यावरून त्यांनी ढिगाऱ्यात खोलीच्या दाराची जागा काढली आणि एक खिळा ठोकला. मग रय्यानकडे वळल्या.

"हे टोक धरशील? त्या खड्ड्यात उतरून."

"काय आंटी, टाइमपास," तो म्हणाला, पण उतरला. खड्ड्यात कर्णाच्या त्या तुटक रेषेवर चिखलात बुडालेला एक गोल दगड होता, त्यावर त्याने कडी टेकवली. त्याला काही कळायच्या आत कुमुदताईंनी हाक मारली, "शून्य?"

टेपला दोन हिसके बसले.

कुमुदताईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "हिसके द्यायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. आदत आहे," रय्यान खालून म्हणाला. "जेट्टीवर जहाजाचा दोर हातात आला की दोन झटके देतो आम्ही. पकडला म्हणून."

कुमुदताईंनी आकडा वाचला. मला ऐकायची गरज नव्हती.

रय्यान वर आला नाही. त्याने हाताने चिखल बाजूला केला. तो दगडी खुंटा होता, माणसाच्या कमरेएवढा, आणि त्याच्या मानेभोवती खोल गुळगुळीत खाच पडली होती. रय्यानने खाचेतून अंगठा फिरवला. "हे दोराने झिजलंय," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आमच्याकडे लोखंडी असतात, त्यांनाही अशीच खाच पडते. पण याला... याला किती जहाजं लागली असतील, आंटी?" त्याने जेसीबीवाल्याला हात करून थांबवलं.

खुंट्याच्या मागे दगडी धक्क्याची कड निघाली, पायऱ्यांसकट. मुंबईहून पुरातत्त्व शिकवणाऱ्या एक बाई आल्या, दोन दिवस मोजत, चित्रं काढत राहिल्या. कुमुदताईंचा कागद त्यांनी कितीतरी वेळ हातातून सोडला नाही. नुसते दगड सापडले असते तर एक जुना धक्का, एवढंच कळलं असतं, त्या म्हणाल्या. या कागदामुळे धक्का कुठे संपला आणि गाव कुठून सुरू झालं ते कळतं. तुटक रेघेचं त्यांनी विचारलं. "तिथपर्यंत टेप गेली होती," कुमुदताईंनी सांगितलं. बाईंना वाटलं, भिंतीत भोक असणार.

रय्यानने बिल्डरशी भांडून तळघरातल्या पार्किंगचा उतार दुसऱ्या बाजूला न्यायला लावला. खुंटा जिथे होता तिथेच आहे, इमारतीच्या अंगणात. मुलं त्याला दप्तरं अडकवतात. आणि गावातली दारं? ज्या बाईने मीठ ओवाळून टाकलं होतं तिचाच फोन आला. "कुमुदताई, आमचंही घ्या माप. पुरतं घ्या हं, काही सोडू नका." त्या घराचा कोसळलेला सज्जा पुढे त्या मापावरून जसाच्या तसा पुन्हा उभा राहिला. अजून आहे.

हलीमाखालाचं मात्र समाधान होईना. आम्ही भेटायला गेलो की ती पहिल्यांदा तेच काढायची. "इथे काही आवाज नाही, कुमुद. भरतीला मी कान लावून बसते. खुंट्यापाशीच राहिले असतील का? तू सगळं मापलंस ना?"

"सगळं."

"मग?"

 मोजलेल्या गोष्टींबद्दलच कुमुदताई बोलत. ही त्यातली नव्हती.

एका शुक्रवारी दुपारी हलीमाखाला म्हणाली, पश्चिमेचं ऊन डोळ्यांवर येतं, पडदा हवा. कुमुदताईंच्या पिशवीत टेप असायचीच. मी खिडकीच्या एका टोकाला कडी धरून उभी राहिले, त्या दुसऱ्या टोकाला. तेवढ्यात बेल वाजली. मी कडी खिडकीच्या कठड्यावर ठेवून दार उघडायला गेले. वॉचमन होता, मेंटेनन्सची पावती घेऊन. पावती घेतली, दार लावलं, वळले.

कुमुदताई खिडकीपाशी दगडासारख्या उभ्या होत्या. टेप त्यांच्या हातातून निघून खिडकीवरून सरळ गेली होती, खिडकी संपली तिथून पुढे, कोऱ्या भिंतीच्या कडेकडेने, कोपऱ्यातल्या सावलीपर्यंत. ताठ. तिच्या टोकाशी मला कोणी दिसलं नाही. मी जागची हलले नाही. हलीमाखाला खुर्चीत बसून त्या कोपऱ्याकडे बघत होती, लांबून आलेलं माणूस दारात दिसावं तशी.

दोन हिसके बसले.

टेप हळूहळू खाली आली.

"किती आलं?" हलीमाखालाने विचारलं.

कुमुदताईंनी सांगितलं. 

"खिडकीपेक्षा बरंच जास्त आहे, नाही?"

"आहे."

"मग कापड तेवढंच आण."

आणलं. पडदा खिडकी ओलांडून कोऱ्या भिंतीवरून थेट कोपऱ्यापर्यंत जातो. रुमाना पहिल्यांदा बघून हसली होती, "खालाजान, भिंतीला कशाला पडदा?" हलीमाखालाने तिला चहा टाकायला पाठवलं. नंतर मी एकदा एकटीच गेले होते, दुपारची, तेव्हा भरतीची वेळ होती, खिडकी बंद होती आणि वारा नव्हता. पडद्याच्या कड्या दांडीवर करकरत होत्या, मधे थांबून, पुन्हा. हलीमाखाला खुर्चीत गाढ झोपली होती.